कापा आणि कापू नका

"कापा जी डाक्टरसायब! आजच कापा! मी कोणाचीच आयकत नाही!"

खेमराजचा आवाज असा, की भिंतीवरची माझी डिग्री तिरपी झाली आणि गोंदिया स्टेशनवरची मालगाडी सिग्नल मिळाला समजून हलली. मालगाडीचं मी शपथेवर सांगत नाही, डिग्रीचं सांगतो. हा गृहस्थ आमगावकडच्या एका राईस मिलमध्ये मशीन चालवतो. दिवसभर मशीनच्या वर आवाज काढून बोलायचं, त्यामुळे त्याची कानगोष्ट म्हणजे आपली जाहीर सभा.

दारात त्याचे वडील, झनकलालजी. ते ओरडत होते, कापू नका. तेही तेवढ्याच जोरात, म्हणजे आवाज घराण्यातच आहे. आणि दोघांच्या मधे, खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसलेला खेमराजचा मुलगा यश. इयत्ता दुसरी. जे कापायचं ते त्याचं, पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

माझा कंपाउंडर आत डोकावला. "सर, दरवाज़ा बंद कर दूँ? बाहर पूरी पब्लिक सुन रही है।"

दार लावून घेतलं. मी सर्जन आहे, पण माझं अर्धं काम भांडण सोडवण्याचं आणि उरलेलं टाके काढण्याचं.

आता भांडण कशाचं, ते सांगतो. लिंगाच्या टोकावर कातडी असते. ती मागे सरकत नाही, तोंडाशी अडकते, त्याला आम्ही फायमोसिस म्हणतो. नाडी कसलेली पिशवी डोळ्यांपुढे आणा. यशची लघवी आधी त्या पिशवीत भरायची, फुगा व्हायचा, मग बारीक धार निघायची. वरचेवर सूज, आग, ताप. पोरगं शाळेत पाणीच पीत नव्हतं, लघवी लागू नये म्हणून. त्यावरचं ऑपरेशन म्हणजे ती पुढची कातडी काढून टाकणं. आम्ही सर्कमसिजन म्हणतो, लोक सुंता म्हणतात, आणि तो शब्द निघाला की झनकलालजींसारख्यांच्या अंगावर काटा येतो.

"आमच्या घरी असं कधी झालं नाही," ते म्हणाले. "समाजात काय सांगाचं? वय झालं का आपोआप ठीक होते."

मी त्यांना सांगितलं, बाबूजी, माझ्या टेबलावर सगळ्या जातीधर्माची पोरं या ऑपरेशनसाठी आली आणि ज्या घरून आली त्याच घरी परत गेली. ते काही हलले नाहीत. आमच्याकडच्या पोवार समाजातला म्हातारा एकदा नाही म्हणाला की त्याच्यापुढे वैनगंगेचा पूर वळसा घालून जातो.

तेवढ्यात खेमराजनं आवाज खाली आणला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"बाबूजी, माहं झालं हाये."

"काय झालं?"

"हेच. लग्नाच्या आधी. नागपूरले."

म्हातारा त्याच्याकडे वळला. "तू तं मशीन पाहाले गेला होता."

"मशीन बी पाहली."

मी फाईलमध्ये तोंड घातलं. हसलो असतो तर दोघांनी मिळून मलाच कापलं असतं. पण खेमराज पुढे जे बोलला त्यात हसण्यासारखं नव्हतं. लहानपणी त्यालाही हेच होतं. डॉक्टरनं तेव्हाच ऑपरेशन सांगितलेलं, बाबूजींनी नाही म्हटलं. शाळेच्या मुतारीत पोरं हसायची म्हणून तो एकटाच नाल्यापलीकडे जायचा. मोठेपणी लग्न ठरलं तेव्हा घाबरला आणि गुपचूप नागपूर गाठलं. "पोरगा झाला तेव्हाच ठरवलं जी," तो मला म्हणाला, "याले माह्यासारखं भोगू देणार नाही."

झनकलालजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि यशला हात धरून माझ्यापुढे उभं केलं. मला वाटलं, केस सुटली. पण अजून मी पोराला तपासलंच नव्हतं.

तपासलं, आणि मी थांबलो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जन्मतः प्रत्येक मुलाची ही कातडी आतून चिकटलेलीच असते. तो आजार नाही. वर्षं जातात तशी ती आपली आपण सुटते. म्हणजे म्हाताऱ्याचं "आपोआप" अगदीच खोटं नव्हतं. पण यशच्या कातडीच्या तोंडाशी पांढरी, कडक रिंग होती. जुन्या जखमा भरून भरून तयार झालेली. असले वण उगीच येत नाहीत.

मी विचारलं, आंघोळीच्या वेळी कातडी कोणी मागे ओढतं का?

खेमराजची छाती फुगली. "मीच ओढतो ना जी. खोबरेल तेल लावून. तान्हा होता तेव्हापासून. मिलचा सीझन असो का घरी पाहुणे असो, चुकवला नाही."

"रक्त येतं?"

"कधी कधी. मंग हळद लावतो."

आमच्या भागात घरोघरी हे चालतं. तेल लावा, मागे ओढा, मोकळं होईल. जे आपोआप सुटणार असतं ते ओढून फाटतं, फाटलेलं भरताना आवळतं, आवळलेलं पुन्हा ओढतात. मी खेमराजला हे सगळं सरळ सांगितलं. गोड करून सांगितलं असतं तर त्या संध्याकाळीही त्यानं तेलाची बाटली काढली असती.

त्याचा चेहरा धानातलं पाणी उतरावं तसा उतरला. "म्हणजे मीच केलं?"

मी म्हटलं, तुझा बाप काहीच न करून चुकला, तू जास्त करून. आता दोघं बाजूला व्हा, मला पोराशी बोलू द्या.

यशला सांगितलं, ही मलमाची ट्यूब तुझी. मी दाखवतो तसं तूच लावायचं, आई फक्त पाहील. बाबा बाथरूममध्ये येणार नाहीत. पोरानं ट्यूब अशी धरली, जशी तहसीलदाराची खुर्ची मिळाली.

खेमराज चिडला. अजून थांबाचं का? मी म्हटलं, हो. या मलमानं पुष्कळदा कातडी मऊ होते आणि कापायची गरज पडत नाही. नाही झाली तर मी स्वतः कापीन, तेव्हा तुझा बाप आडवा आला तरी कापीन. सही मात्र तुझी आणि यशच्या आईची लागेल. ओरडून चालणार नाही.

मलम चाललं. सूज गेली, ताप गेला, पोरगं पाणी प्यायला लागलं. पण ती रिंग काही सुटली नाही. फुगा तसाच. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण कापायला मला पाच मिनिटांत सुचतं आणि न कापायला हिंमत लागते. शेवटी यशलाच विचारलं. त्यानं मान डोलावली. अट एकच, झोपवून करायचं. पूर्ण भूल देऊनच करतो, म्हटलं.

ऑपरेशन सरळ झालं. संध्याकाळी पोरगं घरी. ऑपरेशन थिएटरबाहेर झनकलालजी सगळा वेळ उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. समाजात काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मला एवढंच कळलं, की पोराचं भलं करायची फार घाई झालेल्या बापाला आधी हात धुवून बाहेर बसवावं.

तपासणीला आले तेव्हा जखम छान भरलेली, धार नळासारखी. खेमराज माझ्या टेबलाशी उभा, या वेळी हात मागे बांधून. मी यशला विचारलं, खूप दुखलं का रे?

"बाबा ओढे तेवढं नाही," तो म्हणाला.