सरांचा हात थांबायचा तेव्हा

टेंभरे काकूंचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, ऑफिसात, दुसऱ्याच कुणाच्या तरी लेखाला मथळा शोधत होते. "सर गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मला मेलीला पहिल्यांदा काय सुचावं, तर आता सरांवर लिहायला हवं! माझी मलाच लाज वाटली. कारण लिहायला हवं हे मला कित्येक वर्षं माहीत होतं.

टेंभरे सर गोंदियाला दर रविवारी आपल्या घराच्या अंगणात निबंधलेखनाचा वर्ग घ्यायचे. २००३च्या हिवाळ्यात मी दरेकसाहून पॅसेंजरने त्या वर्गाला यायचे. बाबा रेल्वेत गँगमन, मी कॉलेजात, आणि आपल्याला फार सुंदर लिहिता येतं असा माझा ठाम समज. आम्ही लिहिलेलं वाचायचो आणि सर डोळे मिटून, शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा सोलत ऐकायचे. वाक्य खोटं वाटलं की त्यांचा हात थांबायचा. बस्स. रागावणं नाही, लाल शाई नाही. पण हात थांबला की आम्ही मुकाट्यानं ते वाक्य खोडायचो.

माझ्या 'माझे बाबा' या निबंधाला तो पहिल्याच ओळीला थांबला, तो थांबलाच. घामाचे मोती, पोलादी मनगटं, डोळ्यांत करुणेचा सागर... काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं मी. "बापावर लिवलीस नं? मंग त्याले वाचून दाखव," सर म्हणाले. वर्गाचा नियम एवढा एकच होता. ज्याच्यावर लिहिलं, त्याला वाचून दाखवायचं.

बाबांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. "चांगला मानूस वाटते," म्हणाले. "कोन होय हा?"

आठवडाभर मी नुसती फणफणत होते. मग पुन्हा लिहायला बसले. ड्यूटीवरून आले की बाबा चपलाही न काढता रेडिओ लावतात, आणि आईनं कामाला हाक मारली की त्याचा आवाज वाढवतात, हे लिहिलं. या वेळी बाबा खो-खो हसले आणि मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "थे रेडिओचं काढून टाक. तुह्या मायनं ऐकलं तं?" रविवारी हे सरांना सांगितलं, तर हात न थांबवता ते म्हणाले, "राहू दे. त्यानं सोताले ओळखलं." त्या दिवसापासून मी लिहायला लागले, असं मी आजही मानते.

पुढे नोकरी लागली, नाव छापून येऊ लागलं. अधूनमधून सरांचा फोन यायचा. "माह्यावर कवा लिवशील वं?"

"लिहीन की सर."

"लिवशील तं इथं येऊन वाचावं लागल, ध्यानात ठेव."

तीच तर भीती होती. माझा लेख सगळ्या विदर्भानं वाचला तरी मला काही वाटत नसे, पण त्या एका हाताची धास्ती होती. अजून थोडा हात बसू दे, मग लिहू, असं म्हणत मी ढकलत गेले. कसली वाट पाहत होते मी? वय तर त्यांचं होत होतं. आता हळहळून काय उपयोग...

गेल्या रविवारी हा लेख घेऊन गोंदियाला गेले. अंगणात सरांची खुर्ची होती, तिच्याकडे बघवेना. काकू पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. "वाच नं," म्हणाल्या. "इतकी वर्सं आतून मीच तं ऐकत होती तुमचं सगळ्यायचं."

मी वाचलं. टोपलीत दाणे पडत राहिले. शेवटी मी लिहिलं होतं, 'या संक्रांतीला मी सरांवरचा लेख घेऊन येणारच होते.'

काकूंचा हात थांबला.

मी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. मग त्यांनी पुढची शेंग उचलली.