माझी मुलगी चर्चमध्ये वाचते

भुईगावच्या आमच्या चर्चमध्ये मुलांच्या मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, माझी मुलगी बायबलमधलं वाचन करायची आणि मी पुढच्या बाकावर मान ताठ करून बसायचे. शाळेतून मात्र सारख्या तक्रारी. फळ्यावरचं उतरवत नाही, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद, आळशी आहे. मी बाईंना सुनावायचे, "अख्ख्या गावासमोर घडाघडा वाचते, मग तुमच्याच वर्गात कशी अडते?"

वाचनाच्या आदल्या संध्याकाळी ती मला लाडीगोडी लावायची. "मम्मी, आधी तू वाच ना. तुझा आवाज मस्त लागतो." मीही फुशारून दोन-दोनदा वाचायचे.

चर्चमधली वाचनं दर वर्षी वेगळी असतात. एकदा मी चुकून गेल्या वर्षीचं काढून दिलं. रविवारी ती उभी राहिली. समोरच्या मोठ्या पुस्तकात एक मजकूर आणि तिच्या तोंडून भलताच, तोही एक शब्द न चुकता. बोट मात्र ओळींखालून शिस्तीत सरकत होतं. हातातल्या पुस्तिकेत बघणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. पोरगी वाचत नव्हतीच. कधीच वाचत नव्हती.

डॉक्टरांकडून तिची तपासणी करायची ठरली तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, उगाच पोरीवर शिक्का बसेल." मी म्हटलं, "आळशी म्हणून बसलाय, तो तरी पुसेल."

मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात बऱ्याच खेपा झाल्या. डोळे तपासले, कान तपासले, कोडी घातली, लिहायला लावलं. शेवटी तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांनी दिलेल्या उताऱ्यात ती दुसऱ्याच ओळीला अडली होती. मग तिनेच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही एकदा वाचाल?" त्यांनी वाचला आणि हिने सगळा उतारा जसाच्या तसा म्हणून दाखवला.

"हिला डिस्लेक्सिया आहे," मॅडम म्हणाल्या. "आळस म्हणाल तर औषधालाही नाही. इतर मुलांच्या दुप्पट राबते ही." मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग आता मला चर्चमध्ये वाचायला देणार नाहीत?"

गावच्या सणाआधी ती एकटीच फादरांकडे गेली. "फादर, मला डिस्लेक्सिया आहे. नीट वाचता येत नाही, पण पाठ होतं. न बघता म्हटलं तर चालेल?"

फादर म्हणाले, "पुस्तक उघडं राहू दे, बाळा. तू लोकांकडे बघ."

इतकी वर्षं ती वाचायची तेव्हा पुढच्या बाकावरून मला फक्त तिचा भांग दिसायचा, सकाळी मीच पाडलेला. सणाच्या दिवशी तिने बोट पुस्तकावर ठेवलंच नाही. हात मागे घेतले, मान वर केली आणि पहिला शब्द माझ्याकडे बघून म्हटला.