राहू द्या भूगोल

"आधी उत्तर दाखवा," असं आमच्या बाई भेटेल त्याला म्हणत. नवा शिक्षक रुजू होवो, एखाद्या मुलीचे वडील येवोत, की कौलं शाकारायला माणूस येवो, पहिलं वाक्य ठरलेलं. एकदा तपासणीला साहेब आले. बाईंनी नमस्कार केला आणि तेच म्हणाल्या.

"कशाचं उत्तर?" साहेबांनी विचारलं.

"उत्तर दिशा, साहेब."

साहेब जागच्या जागी थोडे फिरले आणि त्यांनी बोट केलं. त्या बोटासमोर आमचे हेडमास्तर उभे होते, आणि ती दक्षिण होती. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा या खिडकीपाशी येता का?" हेडमास्तर आले. त्यांच्यामागून साहेबांचं बोटही फिरत आलं. "आता बरोबर," बाई म्हणाल्या. साहेब हसले म्हणून निभावलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा त्रास होतो, आणि ती रजेवर गेली की दिवस जाता जात नाही.

मी आष्टीच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो, आणि या बाई भूगोल. उंच, काटक, पुरुषासारख्या ढांगा टाकत चालणाऱ्या. बारमाही छत्री जवळ. उन्हापावसापेक्षा ती नकाशावर फिरवायलाच जास्त. गाव वडनेर, हिंगणघाटकडचं. जिल्हा एकच, पण आष्टीच्या लोकांना वडनेर म्हणजे परमुलूख वाटे. "इतक्या दूर एकटी बाईमाणूस काऊन आली?" असं बायका विचारत. बाई म्हणत, "माह्या गावची नदी अन् तुमची नदी शेवटी एकाच पान्याले मिळते. दूर कुठं हाये?"

वर्गात त्या पुस्तक क्वचितच उघडत. आठवडी बाजाराच्या दिवशी मुलामुलींना बाजारात नेत. मिरची कुठून आली, मीठ कुठून आलं, बांगड्या कुठल्या, हे एकेका दुकानदाराला विचारायला लावत. मीठवाला वैतागून म्हणाला होता, "बाई, घेनं असंन तं घ्या, नाई तं पोरं हटवा." बाईंनी पायलीभर मीठ घेतलं. पुढे कितीतरी दिवस आम्हा सगळ्या शिक्षकांच्या घरी त्यातलंच मीठ होतं.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. आम्ही निजलो तेव्हा मध्य प्रदेशात होतो, उठलो तेव्हा मुंबई राज्यात. शाळेला नवे नियम, नवे विषय. कोणते सक्तीचे ठेवायचे आणि कोणते ऐच्छिक, यातलं काही संस्थेच्या समितीवर सोडलेलं आहे असं कळलं. समितीतल्या मंडळींचे जिनिंगचे कारखाने, कापसाचे व्यवहार. त्यांना हिशेब येणारी पोरं हवी होती. तेव्हा नववीपासून जमाखर्च सक्तीचा आणि भूगोल ऐच्छिक, असं घाटत होतं. ऐच्छिक म्हणजे काय ते आम्ही ओळखून होतो. पहिल्या वर्षी चार पोरं घेतील, दुसऱ्या वर्षी नकाशे माळ्यावर जातील.

हेडमास्तर भला माणूस. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की तुमच्या नोकरीला धक्का नाही, वरच्या वर्गातल्या मुलींना तुम्ही शिवणकाम शिकवा. हे ऐकून बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन बसल्या. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता हे आम्हा सर्वांना माहीत होतं. त्यांच्या ब्लाउजाचं बटण तुटलं तर शाळेची शिपाईणबाई टाके घालून द्यायची. पण त्यांचं दुःख ते नव्हतं.

"नोकरी राह्यते म्हणतात सर," त्या मला म्हणाल्या. "पन विषय जाते. मी राहून काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून त्या समितीतल्या एकेकाच्या घरी जाऊ लागल्या. शाळा सुटली की छत्री घेऊन निघत. सोबत म्हणून कधी कधी मी जाई. त्या वाद घालत नसत. कापूसवाल्याला विचारत, तुमच्या गाठी कुठल्या बंदरातून जातात, वाटेत कोणती स्टेशनं लागतात. त्याला सगळं येई. मग म्हणत, हे तुमच्या मुलाला येतं का? तो हसून म्हणे, धंद्यात पडला की येईल. चहा मिळे, सुपारी मिळे, वचन मिळत नसे. अध्यक्ष गावचे पाटील होते. त्यांनी तर स्पष्टच सांगितलं की बाई, पोरांना पोटापाण्याचं शिकवा, डोंगर कुठं पळून जात नाहीत.

परतताना बाई फार थकलेल्या दिसत. मी एकदा म्हटलं, आता सोडून द्या. त्या म्हणाल्या, "सोडू कसं? ज्या पोरीले आपन कुठं हावो हेच ठाऊक नाई, तिले कोनीबी कुठंबी नेईल."

पुढल्या श्रावणात पाटलांच्या घरी एक गोष्ट घडली. पाटलांची मुलग्यांच्या पाठची एकच लेक आदल्या वर्षी लग्न होऊन शिलाँगला गेली होती. जावई तिथे सरकारी कचेरीत होता. पाटलांकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्यावर बातमी आली की आसामात ब्रह्मपुत्रेला मोठा पूर आहे, गावंच्या गावं पाण्याखाली आहेत. लेकीचं दर आठवड्याला येणारं पत्रही थांबलं होतं. पाटलीणकाकूंनी अन्नपाणी सोडलं. पाटलांनी तार केली, तिचं उत्तर येईना. घरात मयत झाल्यासारखी माणसं बसून होती.

बाईंना हे शाळेत कळलं. त्यांनी भारताचा मोठा नकाशा गुंडाळला, काखेत मारला आणि मला म्हणाल्या, "चला सर." मला वाटलं, ही वेळ नाही. पण निघालो.

पाटील ओसरीवर होते. त्यांना वाटलं, बाई पुन्हा शाळेचंच घेऊन आल्या. ते काही बोलायच्या आत बाई सरळ आत गेल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाईंनी त्यांच्यापुढे जमिनीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि काकूंचा हात हातात घेऊन त्यांचं बोट नकाशावर ठेवलं.

"काकू, हे आष्टी. आता माह्यासंगं या." बोट नागपूरवरून, कलकत्त्यावरून हळूहळू वर सरकत गेलं. "हे ब्रह्मपुत्रा. इथं हिरवा रंग हाये ना? हिरवा म्हंजे खोलगट जागा. पूर इथं हाये. अन् हे पाहा शिलाँग. रंग कोनता?"

"मातीसारखा," काकू म्हणाल्या.

"मातीसारखा म्हंजे उंच डोंगर. आपल्या नागझरीच्या टेकडीवर टेकड्या रचत गेलं तरी पुरनार नाई, इतका उंच. नदीचं पानी तिथं चढत नाई."

काकूंनी बोट उचललं नाही. "मंग चिठी काऊन नाई येऊन राह्यली?"

बाईंनी बोट पुन्हा खाली हिरव्यात आणलं. चिठ्ठी डोंगरावरून उतरून या सखल भागातून येते, तिथे रेल्वेचे रूळ पाण्यात असतील, म्हणून ती अडली असेल, असं त्यांनी सांगितलं. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काकू, पोरगी बरी हाये हे मी नाई सांगू शकत. ते तारच सांगंन. नकाशा येवढंच सांगते का पूर तिच्या घरात नाई."

मला ते बोलणं तेव्हा कोरडं वाटलं होतं. धीर द्यायला माणूस चार शब्द जास्तीचे बोलतो. बाई बोलल्या नाहीत, आणि कदाचित म्हणूनच काकूंचा विश्वास बसला. त्या नकाशाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी सुनेला हाक मारून भात टाकायला सांगितलं, आणि बाईंना म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमीबी बसा. मी एकटी नाई जेवत."

पाटील दारात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि बाहेर निघून गेले.

तार आली ती पुढल्या आठवड्यात. सगळे सुखरूप होते. तारवाल्याला पाटलांनी धोतरजोडी दिली आणि काकूंनी घरोघर साखर वाटली. मी बाईंना म्हटलं की आता समितीपुढे एवढं एकच सांगा, काम झालं. बाई एकदम रागावल्या. कोणाच्या घरचं दुःख आपण विषयासाठी विकायचं नाही, असं म्हणाल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी समितीची सभा झाली. हेडमास्तरांबरोबर आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. बाई थोडंसंच बोलल्या. गाव जागचं हललं नाही तरी राज्य बदललं, नदी उगमाला एका राज्यात आणि आपल्या घाटावर दुसऱ्या राज्यात गेली, हे कळायला मुलांना दुसरा कोणता विषय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. ज्याला लागेल तो पुढे शिकेल, असं एक सभासद म्हणाले. तेव्हा पाटलांनी मान वर केली.

"तहान लागल्यावर विहीर खनता येत नाई," ते म्हणाले. "माह्या घरी भिंतीवर आता नकाशा लागला हाये. घरची बाई रोज त्याच्यावर बोट ठेवते अन् मले विचारते, हे कोनतं गाव, थे कोनतं गाव. मले सांगता येत नाई. पोरं शाळेतून येतात अन् सांगतात." मग ते हेडमास्तरांकडे वळले. "जमाखर्च बी ठेवा. पन भूगोल राहू द्या. सक्तीचा."

ठराव झाला. बाहेर आल्यावर बाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं, आनंदाने काही म्हणतील. त्यांनी फक्त चपला काढल्या, पाय फरशीवर टेकवले आणि म्हणाल्या, "गार हाये फरशी."

पुढे काही वर्षांनी अमरावतीच्या अध्यापक विद्यालयात शिकवायला त्यांची निवड झाली. गेल्या त्या दिवशी मोटारीच्या थांब्यावर अर्धी शाळा जमली होती. काकूंनी शिदोरी आणली होती. मुलींना रडू आवरत नव्हतं. निरोप, नमस्कार, पुन्हा निरोप असं बराच वेळ चाललं. ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत बाई आत जाऊन बसल्या. मला दोन शब्द बोलायचे होते, म्हणून त्या बसल्या होत्या त्या बाजूला मी गेलो.

खिडकीच्या गजाला डोकं टेकून बाई झोपल्या होत्या. मांडीवर शिदोरी, त्यावर दोन्ही हात. इतक्या गलक्यात इतकी गाढ झोप मी कोणाची पाहिली नव्हती. मी त्यांना उठवलं नाही. ड्रायव्हर आला तेव्हा त्यालाही म्हटलं, जरा हळू काढ.