जन्मानंतरचे नव्वद दिवस

दुसरा महिना चालू होता आणि आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिसरा सरेपर्यंत बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या कंपनीकडून आरोग्य विम्याची मेल आली. दोन योजनांपैकी एक महिनाअखेरपर्यंत निवडायची. त्यानंतर वर्षभर बदल नाही. मी तेव्हा एका वृत्तपत्रात करारावर उपसंपादक होते. मला विमा नव्हता.

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी आम्ही दोन्ही माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. पहिल्या योजनेत बाळंतपणाचा खर्च जवळजवळ पूर्ण मिळत होता आणि रुग्णालयांची यादी लांबलचक होती. तीत माझ्या माहेरचं, तालुक्याच्या गावातलं प्रसूतिगृहही होतं. दुसरीत बाळंतपणाला निम्मीच रक्कम आणि रुग्णालयं फक्त पुण्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, हे दोन्ही घरांनी गृहीत धरलेलं होतं.

"पहिलीच घेऊ. विचार करण्यासारखं काय आहे यात?" नवरा म्हणाला आणि चहा करायला उठला.

कामाच्या सवयीने मी तळटीपा वाचत गेले. पहिल्या योजनेत बाळाचा विमा जन्मानंतर नव्वद दिवसांनी सुरू होत होता. दुसरीत जन्माच्या क्षणापासून. ते वाक्य मी पुन्हा वाचलं. नवरा चहा घेऊन आला तेव्हा मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. सातव्या महिन्यात, माहेरच्या त्याच प्रसूतिगृहात. तिथे दिवसांआधी जन्मलेल्या बाळाला ठेवायची काचेची पेटी नव्हती. त्याला जिल्ह्याच्या गावी नेलं, पण तो वाचला नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. त्याचं बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याला काय म्हणायचं तेही ठरलेलं नव्हतं.

"आपलं कशाला होतंय तसं?" नवरा म्हणाला. म्हणजे त्याच्याही मनात तेच आलं होतं.

सोमवारी मी त्याच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"मॅम, डिलिव्हरी नॉर्मल टाइमला झाली तर काही इश्यूच नाही ना."

"आणि नाही झाली तर?"

"मग नाइंटी डेज तुम्हाला मॅनेज करावं लागेल, मॅम." आणि जरा वेळाने, "काँग्रॅट्स, बाय द वे."

आम्ही ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्याआधी तिला कळलं.

त्या आठवड्यात ऑफिसात माझ्याकडून दोन मथळे चुकले. बाथरूममध्ये गेले की आधी कपडे तपासत होते. पोटात जरा कुठे ओढ बसली की चालता चालता थांबत होते. एवढ्यात काहीही होऊ शकतं हे मला माहीत होतं. पण भीती त्याच्या पुढची होती: सातव्या महिन्याची, गावाची, वाटेतल्या रस्त्याची.

शुक्रवारी मी आईला फोन केला.

"आई, तिसरा अजून लागला नाही. पण सांगतेय."

"मग कशाला सांगतीस? जरा दम धरवत न्हाई का तुला?" पण आवाजात हसू होतं.

"बाळंतपण पुण्यातच करावं म्हणतोय आम्ही."

हसू गेलं. "का? आमच्यातले डाक्टर काय संपावर गेलेत? जावईबापूंनी काढलंय का हे?"

"त्याने नाही. मी. दिवस भरायच्या आधी झालं तर?"

शुभ बोल रे नाऱ्या, असं काहीतरी ऐकावं लागेल म्हणून मी वाट बघत राहिले. ती म्हणाली, "थांब, दार लावून येते."

ती परत आली तेव्हा आवाज खाली होता. "पुण्यात पेटी हाय?"

"आहे. तिचा खर्चही विम्यातून मिळतो."

"खर्चाचं ऱ्हाऊ दे. तवा जिल्ह्याला निघायच्या आधी ह्यांनी फोन करून इचारलं होतं. या, पेटी हाय म्हणाले. गेलो तर पेटीत दुसऱ्याचं लेकरू. त्याला काढा असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आपल्या वेळेला रिकामी असंल का, ते इचार."

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या योजनेच्या यादीतल्या एका रुग्णालयाच्या नवजात विभागात फोन लावला. तिथल्या सिस्टरबाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा.

"मॅडम, हे लॉज नाही. पेटीचं बुकिंग होत नाही."

"पण भरलेल्या असतील तर?"

"तर भरलेल्या असतील. खोटं कशाला सांगू? आम्ही दुसरीकडे जागा बघतो आणि गाडीत आमचा डॉक्टर देऊन पाठवतो. जागा नक्की झाल्याशिवाय बाळ हलवत नाही." त्यांनी फोन ठेवला.

मी शब्दन् शब्द आईला सांगितला. मला वाटलं, ती बिथरेल. मी तर बिथरले होते. विमा बिल देणार होता. रिकामी पेटी देणार नव्हता.

"खरं बोलली बाई," आई म्हणाली. "तिथंच नाव घाल. मी येते पुण्याला."

"बरं."

"गाडीत डाक्टर देतात म्हणाली ना? नक्की?"

"हो."

"आमच्याबरोबर कुणी आलं न्हवतं. मीच धरून बसले होते."

त्या संध्याकाळी नवऱ्याने दुसरी योजना निवडली.