पाहुणे नसलेलं बेट

"तिथं आपलं कुणी हाय का?"

शिरूरला माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. तिथं येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो, दर नंतर. आपलं कुणी आहे म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मामीही हेच विचारायच्या, पण मी 'आहे' म्हटलं की पिशवी उचलायच्या. "मग नगं बाबा. दुसरं बघ."

माझं आजोळ कवठे येमाई. तिथल्या सगळ्या बायका माझ्या मामीच. पण मी नुसतं मामी म्हणतो ते यांनाच. तुम्हाला वाटेल, बाई माणूसघाणी असणार. छे! त्यांच्या घरचं चहाचं पातेलं गॅसवरून खाली उतरत नसे. मामा सोसायटीचे संचालक, ओळखी काढण्यात पटाईत. "जगात कुठंबी सोडा, आपला मानूस निघनारच," हे ते छाती फुगवून सांगत. निघालेला माणूस मग जेवायला घरी येई.

मामींचा प्रवासही थोडाथोडका नव्हता. नाशिक झालं नणंदेकडे, मुंबई झाली दिराकडे. दुबईला तर तीन महिने राहून आल्या, मुलीच्या बाळंतपणाला.

"समुद्र पाहिला का मग?" मी विचारलं.

"पाह्यला की. भांडी घासताना खिडकीतनं दिसायचा."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. मलाच कसंतरी झालं.

शेतात लावलेल्या झेंडूचे पैसे त्यांचे स्वतःचे होते आणि त्यांना आठ दिवस कुठंतरी जायचं होतं. पण जावं कुठं? गोव्यात भाचा हॉटेलात कामाला. अंदमानात जावेचा भाऊ. सिंगापूरला गावातलाच एक इंजिनिअर. मी वैतागलो आणि कॉम्प्युटरवरचा नकाशा सरकवत पार पलीकडं नेला, कॅरिबियन समुद्रापर्यंत.

मामी पुढे वाकल्या. "हे काय मोहरी सांडल्यावानी?"

"बेटं आहेत, मामी."

"तिथं आपलं कुणी...?"

"कुणीसुद्धा नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पुण्याच्या एका कंपनीची फक्त बायकांची सहल बार्बाडोसला निघणार होती. ग्रुपमध्ये शिरूर तालुक्यातली एकही बाई नाही, हे फोन करून विचारायला लावलं, तेव्हा कुठं त्यांनी नाव नोंदवलं.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी त्या हटकून यायच्या. समुद्राबद्दल, विमानाबद्दल फारसं विचारायच्या नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळेच.

"सकाळी च्या कोन करतं?"

"हॉटेलवाले."

"आन् कपबशा?"

"त्याही तेच उचलतात."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही, मामी."

यावर त्या हसल्या. चहा मागवला तर नको म्हणाल्या आणि तशाच बराच वेळ बसून राहिल्या.

निघायला महिना राहिला असेल, आणि एके दिवशी मामा ऑफिसात आले. मागे मामी. मामांच्या खांद्यावर बाजरीच्या पिठाची पिशवी.

"हॉटेल कॅन्सल कर!" मामांचा चेहरा नुसता फुलला होता. "यवतच्या आपल्या व्याह्याची पुतनी तिथंच डाक्टरकी शिकती. बार्बाडोसला! चार पोरी एका खोलीत ऱ्हात्यात. दोन वर्सं भाकर न्हाई बघ पोटात. ही तिथंच ऱ्हाईल. पीठ मी दळूनच आनलंय."

मामा वाईट माणूस नाहीत. बायको परमुलखात एकटी पडू नये म्हणून त्यांनी यवतपासून सगळीकडे फोन फिरवले होते. तरी त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

मामी पिठाच्या पिशवीकडे पाहत होत्या. पदराला हात पुसले, खरं तर ते कोरडेच होते.

"पोरींना पीठ कुरियर करा," त्या म्हणाल्या. "चटनी बी करून देते. पर मी न्हाई जात तिथं." मग माझ्याकडे वळल्या. "दुसरं बेट बघ, भाच्या."

"आगं पर दुसऱ्या बेटावर आपलं कुणी न्हाई!"

"व्हय," मामी म्हणाल्या. "म्हून तर."

मामांना ते काही उमगलं नाही. त्याच कंपनीचा दुसरा ग्रुप सेंट लुसियाला जात होता. मी मामींचं नाव तिकडं हलवलं. मामा पिशवी उचलून गुमान बाहेर जाऊन उभे राहिले.

मामी सेंट लुसियाला गेल्या. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन. "रिंग जाती, पर उचलत न्हाई रे." मी टूर मॅनेजरला विचारलं. मामी सुखरूप पोचल्या होत्या. नाष्टा करून परत झोपल्या होत्या. तसं मी सांगितलं, पण मामांचा आवाज काही ठीक वाटेना, म्हणून कवठ्याला गेलो.

आतापर्यंत ते सोसायटीतूनच फोन लावत होते. आता घरातून, माझ्यासमोर, त्यांनी पुन्हा नंबर लावला. रिंग स्वयंपाकघरातून आली.

आम्ही दोघं आत गेलो. फळीवरच्या पिठाच्या डब्यात, वरून पीठ ओढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला मामींचा फोन. मामा तीन दिवस शेजाऱ्यांकडून येणाऱ्या जेवणाच्या डब्यावर होते. पिठाला हात लावायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं.

"इसरली जनू," मामा म्हणाले.

मामांनी पिशवीची गाठ पाहिली. दोनदा मारलेली, पक्की. बराच वेळ ते तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

तेवढ्यात हातातल्या पिशवीतला मामींचा फोन वाजला. मामांनी गाठ सोडून तो कानाला लावला. यवतचे व्याही होते, आवाज मलाही ऐकू येत होता. वहिनी पुतणीकडं उतरल्या नाहीत म्हणजे घरीच, असं त्यांनी धरलं होतं. उद्या पाच-सहा जण तिकडं येतोय, जेवायलाच येतो, वहिनींना सांगून ठेवा.

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"उद्या नगा येऊ," ते म्हणाले. त्या घरातून असं कुणी कुणाला म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. "ती घरी न्हाई."

त्यांनी फोन बंद केला, पिशवीत घालून पुन्हा दोन गाठी मारल्या, पिठात होता तसा पुरला आणि डब्याचं झाकण लावलं.