लासालच्या कपाळावरची चंद्रकोर

हेमचंद्र म्हणजे जहाजावरचा चीफ इंजिनियर, आणि आपल्या हातांचा त्याला भारी तोरा. दोन हजार चौदा साली अर्धांगाचा हलका झटका आला नि उजवा हात असा लटपटू लागला की चहाचा कपही धरवेना. मेडिकल पास होईना, म्हणजे जहाज बंद. स्वारी सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये फणफणत बसायची. बायको अरुणा बिचारी ऑफिसही सांभाळायची आणि ह्याचा त्रागाही.

शेजारच्या लिम अंकलना शिशाचे सैनिक रंगवायचा नाद. त्यांनी एके दिवशी ह्याच्या हातात ब्रशच कोंबला. लासाल नावाचा जुना फ्रेंच घोडदळाचा सेनापती त्यांचा लाडका, त्याची सगळी कारकीर्द त्यांना मूर्तींत मांडायची होती. हुद्दा सोडून साधा शिपाई झालेला पोरगा, इजिप्तच्या वाळूतला स्वार, मग जनरल. रंगवता रंगवता अंकल सांगत, ह्या पठ्ठ्याने नुसत्या घोडेस्वारांच्या जोरावर, शत्रूला बनवून श्टेटिनचा किल्ला घेतला. हेमचंद्र खूश. हा तर आपल्या मावळ्यांतलाच निघाला, म्हणाला.

पहिल्या घोड्यांची पार वाट लागली. अंकल रंग पुसत आणि तोच घोडा पुन्हा पुढे सरकवत. असा शेजारी मिळायला नशीब लागतं हो.

शेवटची मूर्ती किल्ला घेणाऱ्या जनरलची. जुनी, दुसरी मिळणं शक्य नाही. दिवाळी तोंडावर आलेली, अरुणाने हॉलमध्ये थर्माकोलचा किल्ला मांडलेला. हेमचंद्राने त्यासाठी मावळे रंगवले, त्याच बैठकीत जनरल घेतला, आणि हातासरशी त्याच्याही कपाळावर चंद्रकोर काढून मोकळा झाला! लक्षात आलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. तसाच मूर्ती घेऊन शेजारी गेला आणि माफी मागू लागला.

अंकलनी भिंगातून ते टोपीखालचं इवलंसं कपाळ न्याहाळलं.

"हेम, ही रेघ कुठे हललीय, दाखव मला."

हेमचंद्राने भिंग घेऊन पाहिलं, रेघ कुठेच हललेली नव्हती. मग अंकलचा हात धरून ढसाढसा रडला. तुमचे उपकार कसे फेडू, एवढंच म्हणत राहिला.

पुढच्या वर्षी तो मेडिकल पास होऊन जहाजावर गेला. चंद्रकोर अंकलनी पुसू दिली नाही. मूर्तींच्या कपाटापाशी कुणी विचारलं की ते सांगतात, "बाकीची कारकीर्द लासालची. ही माझ्या शेजाऱ्याची."