छत्तीस अँपिअर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझ्या वर्गमित्राला त्याच्या काकांनी परदेशातून रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानाची ब्रशलेस मोटार पाठवली. लिंबाएवढी. सोबत लिथियमची बॅटरी आणि मोटारीला करंट पुरवणारा छोटासा कंट्रोलर. त्याच्यासारखंच थर्माकोलचं विमान माझंही होतं, पण त्यात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार होती. हातातून सोडलं की ते सरळ गवतात जायचं.

माझे वडील पिंपळगावजवळच्या द्राक्षबागांतले पंप दुरुस्त करत. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. विहिरीवरची मोटार सुरू होताना क्षणभर किती करंट ओढते, हे मी मंद होणाऱ्या बल्बकडे बघून पुस्तकाच्या आधीच शिकलो होतो. म्हणूनच त्या मित्राने मला सोबत घेतलं. प्रयोगशाळेतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर सर माझ्या सहीवर देत. रविवारी त्याची आई माझाही डबा भरून द्यायची. तरी मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्या गाडीचा, त्याच्या काकांचा, आणि सगळ्यात जास्त त्याच्या न घाबरण्याचा. विमान पडलं तर तो हसायचा.

एका रविवारी, गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या पडीक रानात, त्याने आठ इंची पंखा काढून दहा इंची लावला. विमान सरळ वर चढायला हवं होतं त्याला. पंखा मोठा म्हणजे करंट जास्त, आणि कंट्रोलरची मर्यादा तीस अँपिअरची. त्याने विमानाची शेपूट गुडघ्यांत दाबली, गळ्यातल्या रिमोटचा थ्रॉटल पूर्ण वर नेला. मी वायरीभोवती मीटर धरला. छत्तीस.

"बोला मीटरवाले, किती खातेय?"

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

का म्हणालो, ते मला तेव्हाही माहीत होतं. तो कंट्रोलर जळावा, असं मला वाटत होतं.

विमान उडालं. मी धुराची वाट बघत राहिलो. पण वेग घेतला की पंख्यावरचा भार हलका होतो आणि करंट उतरतो, हे मी कुठे वाचलं नव्हतं. ते घारीसारखं फिरलं आणि अलगद उतरलं. त्याने कंट्रोलरला बोट लावलं आणि झटक्याने मागे घेतलं.

"आई गं! अठ्ठावीसला एवढं तापतं होय? परत मोज बरं."

त्याने शेपूट परत गुडघ्यांत दाबून थ्रॉटल वर नेला. या वेळीही मीटर माझ्याच हातात होता. परत अठ्ठावीस म्हटलं असतं, तर आधीच तापलेला कंट्रोलर पुढच्या उड्डाणात नक्की गेला असता.

"छत्तीस," मी म्हणालो.

त्याने थ्रॉटल खाली ओढला. "मघाशी अठ्ठावीस म्हणालास ना?"

"उन्हात नीट दिसलं नाही."

त्याने एकदा मीटरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "होतं रे असं."

त्याने आठ इंची पंखा परत लावला, शेपूट गुडघ्यांत धरली, आणि डोक्यावरची टोपी काढून मीटरवर सावलीसाठी धरली. "आता बघ."

"बावीस."

त्या मीटरचे काळे आकडे उजेडातच ठळक दिसतात, सावलीत नाही. प्रयोगशाळेत तो वाचायला आम्ही दोघं नेहमी खिडकीपाशी न्यायचो.

परतताना मी त्याच्या गाडीवर मागे बसलो होतो, त्याच्या आईचा रिकामा डबा मांडीवर घेऊन. तो काहीतरी गुणगुणत होता. त्या गुणगुणण्याचाही मला हेवा वाटला.